खाली राहिलेला वाघोबा

धरण रिकामं झालं तेव्हा सगळं गाव खाली उतरलं. मी तेवढा उतरलो नाही.

धरणाचा दरवाजा बरीच वर्षं गळत होता. यंदा होळीनंतर त्याची दुरुस्ती निघाली आणि पाणी सोडून दिलं. आधी चिंचेचा वाळका बुंधा वर आला, मग विहिरीचं तोंड, मग एकेका घराचं जोतं. चैत्र सरेपर्यंत गाळ वाळून त्याला पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि आमचं जुनं गाव उन्हात उघडं पडलं. भिंती मातीच्या होत्या, त्या विरघळल्या. वासे, दारं, चौकटी तर आम्हीच तेव्हा काढून बैलगाडीने वर माळावर आणल्या होत्या. पण दगडाचं जे होतं ते जागच्या जागी होतं. शेतांचे बांध असे की चिखल करावा आणि भाताच्या आवणीला उतरावं.

लोक भाकरी बांधून खाली जायचे, आपापल्या जोत्यावर बसून खायचे आणि ऊन कलल्यावर परत यायचे. दोघा भावांनी तर तिथल्या एका बांधावरून पुन्हा भांडण काढलं. गाव उठलं तेव्हा ते अर्धवट राहिलं होतं. दोन महिन्यांनी तो बांध परत पाण्याखाली जाणार हे दोघांनाही माहीत होतं, पण भांडण पुरं करायचं म्हणजे करायचं.

माझी बायको पहिल्याच दिवशी गेली. आली ती कोपरापर्यंत गाळाने माखलेली. आमच्या जुन्या घरात जमिनीत बसवलेलं दगडी उखळ होतं. ते गच्च भरलं होतं, ते तिने हातांनी उपसून काढलं.

"सासूबायनी लग्नाच्या दुसऱ्या दिशी त्याच उखळावर हुभी केली व्हती मला," ती म्हणाली. "तळ आजून गुळगुळीत हाय. तुमी का नाय येत?"

"गुडघे दुखतात."

"धसईच्या बाजाराला जाताना गुडघे कुठं ठेवून जाता?"

गुडघ्यांचं खोटं होतं. मी जात नव्हतो तो देवामुळे.

आमच्या गावचा देव वाघोबा. पूर्वी या बाजूला वाघ होते, गुरं उचलून न्यायचे, म्हणून त्यालाच देव केला आणि त्याच्या हवाली गुरं केली. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला सगळं गाव त्याच्यापुढे जमतं. त्या दिवशी पहिला नारळ माझ्या हातून फुटतो. गाव वर आलं तेव्हा देव खांद्यावरून मी आणला, एकट्याने, म्हणून तो मान माझा. पन्नासेक वर्षं झाली, एकदाही चुकला नाही. तापात असलो तरी गेलोय. घरात दुसरं काही मिरवण्यासारखं नाही. शाळा तिसरीपर्यंत, जमीन धरणात गेली, उरली ती माळावरची हलकी, वरकस. पण रस्त्याने जाताना लोक म्हणायचे, हा देव आणणारा. माझी मान त्यानेच ताठ राहिली, हे मी लपवत नाही.

मग एका दुपारी वाशिंदहून मुलगी आली. तिला तिकडे दिली आहे, जावई कारखान्यात आहे. आल्या आल्या तिने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"बा, हे बघ. गावच्या ग्रुपवर आलंय. कॉलेजची पोरं जुनं गाव बघाया आलेली, त्यांना हे गावलं."

चष्मा लावायची गरज पडली नाही. भेगाळलेल्या गाळात एक दगड उभा होता. त्यावर वाघ कोरलेला, वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. वाघाची शेपटी पाठीवर वळलेली आणि तोंड हसरं. ज्याने कोरला त्याने वाघ कधी जवळून पाहिला नसावा, मांजर मात्र पाहिलं असावं.

"कसं हसतंय बघ," मुलगी म्हणाली. "पन बा, देव तर तू वर आनलास ना? मंग ह्यो कोन?"

मी तो वाघ ओळखला होता. पन्नास वर्षांपूर्वी पाहिला होता. मी आणि माझा मेव्हणा, दोघांनीच.

त्याचं असं झालं. गाव उठायचं ठरलं. माणसं, गुरं, भांडीकुंडी सगळं वर गेलं. राहिला देव. भगत म्हणजे देवाची पूजा करणारा आणि त्याला विचारून सांगणारा. त्याने देवाच्या अंगाला तांदळाचे दाणे लावून कौल घेतला. उजवा दाणा पडला. देव यायला तयार होता. भगताने दोन गोष्टी सांगितल्या. देवाला लोखंड लावायचं नाही. आणि उचलल्यावर नव्या जागेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही.

चार माणसं नेमायची बोलणी चालली होती. मी म्हणालो, चार कशाला, मी एकटा आणतो. तेव्हा मी तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन धसईपर्यंत चालत जायचो, न उतरवता. देव जमिनीच्या वर दिसायचा तो हातभरच, जाड्या भोपळ्याएवढा. एक म्हातारा म्हणाला, "बघ हां, तोंडातून गेला शब्द." मी म्हणालो, "उन्हं उतरायच्या आत आणला नाय तर तोंड दाखवनार नाय." असं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळं गाव वर माळावर स्वयंपाकाला लागलं आणि मी खाली गेलो. मेव्हणा पलीकडच्या गावचा, बायकोचा धाकटा भाऊ. आमचं घर हलवायला मदतीला आला होता, तो सोबत आला. पहार नाही, कुदळ नाही. खैराचे दोन खुंट आणि चार करवंट्या. आम्ही उकरत गेलो आणि दगड खाली खाली जातच राहिला. गुडघाभर खड्डा झाला, मांडीभर झाला. दगड हलेना. दोघांनी मिठी मारून ओढला. मी खांदा लावून रेटला. तेवढ्यात काहीतरी कटकन वाजलं आणि देवाचं अंग माझ्या हातात आलं.

अंग म्हणजे शेंदूर. तेल आणि शेंदूर, तेल आणि शेंदूर, किती पिढ्यांनी चोपडला होता कुणास ठाऊक. चार बोटं जाड थर झाला होता, खापरासारखा कडक. तो सबंधच्या सबंध सुटला, फणसाचं अर्धं साल सुटावं तसा. आम्ही ज्याला देवाचा आकार म्हणत होतो तो त्या थराचाच होता. आत दगड उघडा पडला आणि त्यावरचा वाघ आमच्याकडे बघून हसत होता.

मेव्हण्याने डोळे झाकले. "दाजी, बघू नका. देव नागडा झालाय."

"झाला तो झाला. आता काय करायचं ते बोल."

"वर जाऊन सांगू, येत नाय म्हनून."

ते मी करणार नव्हतो. वर ढोल वाजत होता, तो खाली ऐकू येत होता. मी नदीत उतरलो, बेताचा गोल गोटा शोधला, ओली माती लेपून त्याला ते शेंदराचं अंग घट्ट बसवलं आणि लाल कापडात बांधला. निघताना मागे वळून पाहिलं तर उघडा वाघ खड्ड्यात उभा. आता पाणी येणार, माती वाहणार, आणि हा असा राहणार. माझ्या डोक्याला मुंडासं होतं, लग्नात सासऱ्याने दिलेलं, लाल काठाचं. ते सोडून मी त्याच्याभोवती गुंडाळलं, गाठ मारली आणि खड्डा बुजवला.

चढ मोठा होता. गोटा जड होता, ते खोटं नाही. वाटेत मी एकदाही टेकवला नाही. तेवढं मी पाळलं. वर पोचलो तेव्हा डोक्यावर काही नव्हतं, तर लोक म्हणाले, बघा, देवापुढे मुंडासंसुद्धा ठेवलं नाही. भगताने नवीन शेंदूर चढवला, बायका ओवाळायला पुढे आल्या आणि पहिला नारळ माझ्या हातात दिला.

बायकोने रात्रीच्या भाकरीला विचारलं होतं, "मुंडासं कुठं?" मी म्हणालो, नदीत गेलं. तिच्या बापाने ते मुरबाडहून मुद्दाम आणलं होतं. तिने ते मला आजपर्यंत विसरू दिलेलं नाही. घरात काही हरवलं की ती म्हणायची, "मुंडाशाबरोबर गेलं आसल."

तर मुलीच्या मोबाईलवर तो वाघ दिसला आणि मी गप्प बसलो. अजूनही गप्प बसून निभलं असतं. गावात दोन पक्ष झाले. काही म्हणाले, हा नवा देव आपोआप उगवला. तिथे हार पडायला लागले, लांबून माणसं मोटारसायकलवर यायला लागली. त्याचं मला काही वाटलं नाही. पण दुसरे म्हणाले, देव वर आलाच नव्हता, त्याची इच्छाच नव्हती, भगताने कौल खोटा सांगितला. भगत वारून वीस वर्षं झाली. आता पूजा त्याचा मुलगा करतो, तोही साठीला आलाय. त्याच्या तोंडावर कुणीतरी म्हणालं, "तुझ्या बापानं गाव फसवलं." त्याने देवळाची किल्ली ओट्यावर ठेवली आणि घरी गेला. तीन दिवस देवळात दिवा लागला नाही.

भगत माझा भाऊबंद नव्हता की सोयरा नव्हता. पण त्याने मला कौल खरा दिला होता. देव यायला तयार होता. आणण्यात मी कमी पडलो, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

मी मेव्हण्याच्या गावी गेलो. त्याला आता कमी ऐकू येतं, म्हणून गुपित ओरडून बोलावं लागलं. गोठ्यातल्या म्हशीनेसुद्धा ऐकलं असेल.

"सांगून टाका," तो म्हणाला. "मी तवाच सांगत व्हतो."

"नारळ जाईल."

"काय?"

"मान जाईल रे माझा!"

"मंग जाऊ द्या. पन्नास वर्सं खाल्लं ना खोबरं? आनि आधी माझ्या भैनीला सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर तुमची काय धडगत नाय."

त्याच संध्याकाळी चुलीपुढे बसून मी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. सांगून झालं तरी बराच वेळ ती खडे काढत राहिली. मग म्हणाली, "मंग माझा नवस कुनाकडं गेला?"

ते माझ्या ध्यानातच नव्हतं. आमची मुलगी, हीच वाशिंदची, दोन वर्षांची असताना तापाने फणफणली होती. मुरबाडच्या दवाखान्यात नेली तेव्हा तिने मान टाकलेली होती. बायको त्या दिवशी वर वाघोबाच्या पायाशी पदर पसरून बसली होती. पोरगी उठली, आणि तिने पायलीभर नवे तांदूळ आणि कोंबडा देऊन नवस फेडला. तो त्या नदीतल्या गोट्याला फेडला होता.

"पोरगी जगली ना?" मी म्हणालो.

"ते मला ठाव हाय. जगवली कोनी, ते इचारते."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट समोर ठेवायची आणि दुसरीकडे बघायची. मी म्हाताऱ्या माणसाने काय करावं? जेवत होतो. तिसऱ्या दिवशी ताट ठेवता ठेवता ती एकदम म्हणाली, "म्हंजे मुंडासं नदीत नाय गेलं."

"नाय. देवाला गुंडाळलं."

"मंग पन्नास वर्सं बोलनी का खाल्लीत माझी?"

"सांगितलं असतं तर सगळंच सांगायला लागलं असतं."

ती माझ्या तोंडावर हसली नाही, पण आत जाऊन हसली, ते मला ऐकू आलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "उठा. गावाला सांगा. मी येते संगती."

देवळापुढच्या मांडवात लोक जमवले. मी उभा राहून सांगितलं. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. भगताचा मुलगा खांबाला टेकून खाली बघत होता. माझं झाल्यावर तो म्हणाला, "म्हंजे बापाचा कौल खरा व्हता."

"खरा व्हता. खोट माझी."

"एवढंच पायजे व्हतं मला, काका."

मग गलका झाला. पोरांचं म्हणणं, आता जेसीबी लावू, अर्ध्या तासात वाघोबा वर येईल. मी म्हणालो, देवाला लोखंड चालत नाही. मागून मेव्हणा ओरडला, त्याला मुद्दाम बोलावलं होतं, "आनि कोरला तवा छिन्नी काय लाकडाची व्हती?" लोक हसले. हसले म्हणून जरा सैल झालं. शेवटी भगताच्या मुलाने ठरवलं. बापाने सांगितलं तसंच, लाकडाने आणि हातांनी. सगळं गाव मिळून. देव आला तर आला.

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरलो. पन्नास वर्षांनी. बायको पुढे चालत होती, मी मागे काठी टेकत. आमच्या जोत्यावर तिने मला ते उखळ दाखवलं आणि हात लावायला लावला. मग आम्ही देवाच्या जागेवर गेलो. मुंडासं अर्थात नव्हतं. पाण्याने कधीच खाल्लं असणार. पण मी गाठ मारली होती तिथे, वाघाच्या मानेखाली, दगडावर फिकट तांबूस पट्टा होता. कॉलेजची पोरं म्हणाली होती, तो शेंदराचा अंश आहे. असेल. मी माझं म्हणणं सांगितलं नाही.

गावातली आणि शेजारच्या वाडीतली मिळून चाळीसेक माणसं होती. खैराचे खुंट, बांबू, करवंट्या, घमेली मात्र प्लास्टिकची. बायका माती वाहत होत्या. पहिल्या दिवशी खड्डा छातीइतका झाला. दगड खाली रुंद होत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीतला एक माणूस आत उतरला होता, त्याला माती काढणं चांगलं कळतं, तो विहिरी खणायला जातो. त्याने हाताने चाचपत चाचपत गोल फेरी घेतली आणि वर बघून म्हणाला, "ह्यो पुरलेला दगड नाय. ह्यो कातळ हाय. डोंगराचाच हाय. आख्खा डोंगर उचलाल तर येईल."

सगळे हात थांबले. मी खड्ड्याच्या काठाशी बसलो. त्याने बोट दाखवलं तिथे वाघाखालचा दगड सरळ पुढे जाऊन नदीकाठच्या कातळात मिळाला होता. कुणीतरी फार पूर्वी जागच्या खडकातच वाघ कोरला होता. तो चार माणसांनी हलला नसता, चाळिसांनी हलला नसता.

पन्नास वर्षं मी मनात घेऊन होतो की माझा खांदा कमी पडला. कमी पडला नव्हता. मी तिथेच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मी रेटला तेव्हाच मला वाटलं होतं." बायको म्हणाली, "बास. आता तेच सांगत फिरू नका." पण मी सांगितलं. मुरबाडच्या एसटीतसुद्धा सांगितलं.

देव येणार नाही हे ठरलं. खड्डा बुजवला, फक्त वाघ उघडा ठेवला. पाणी धरायला लागायच्या आधी त्याला एकदा सगळ्या गावाने भेटावं असं भगताच्या मुलाने सांगितलं. वरच्या देवळातला गोटा तसाच राहील, त्याच्या अंगावर बापजाद्यांच्या हातचा शेंदूर आहे, तो टाकायचा नाही. दिवा पुन्हा लागायला लागला.

भेटीच्या दिवशी नारळ आला. सवयीने सगळे माझ्याकडे वळले आणि माझाही हात सवयीने पुढे झाला. भगताच्या मुलाने नारळ माझ्याकडे दिला नाही. "काका," तो हळू म्हणाला, "मान देव आनल्याचा व्हता."

"बराबर हाय," मी म्हणालो. बराबरच होतं. तरी हात मागे घ्यायला मला थोडा वेळ लागला. नारळ त्याने स्वतः फोडला, आणि यापुढे वरच्या देवळातही तोच फोडेल. मी रांगेत उभा राहून खोबरं घेतलं. फोडणाऱ्याला वाटता वाटता शेवटचा तुकडा मिळतो, नाहीतर मिळतही नाही. रांगेतल्याला चांगला मिळतो, हे मला ठाऊक नव्हतं.

लोक पांगल्यावर बायकोने पिशवीतून एक कापड काढलं. नवं कोरं मुंडासं, लाल काठाचं. लेकीला सांगून मागवलं होतं, मला पत्ता नव्हता. मला वाटलं माझ्यासाठी. मी डोकं जरा पुढे केलंसुद्धा.

"तुमाला नाय," ती म्हणाली, आणि वाघाभोवती गुंडाळायला लागली. गाठ तिला जमेना, म्हणून मी मारली. मग तिने पदरातून मूठभर तांदूळ काढून त्याच्यापुढे ठेवले आणि त्याच्याशी बोलली, शेजारणीशी बोलावं तशी.

"पोरीचा नवस मी वर फेडला. तुला पोचला आसल तर बरं. नसल पोचला तर हे घे. पोरगी तिकडं वाशिंदला हाय, बरी हाय, तिची लेक कॉलेजात जाते. ह्या मानसाला तुला उचलाया धाडला, त्यानं तुला उघडं नाय सोडलं, तेवढं ध्यानात ठेव. बाकीचं मी बघते."

वाघ हसतच होता. तो हसराच कोरलाय.

चढाला लागल्यावर तिने माझा हात धरला. गुडघे आता खरेच दुखत होते, पण ते मी सांगितलं नाही. जुन्या जोत्यांवरून आम्ही हळूहळू वर आलो. अर्ध्या वाटेवर ती थांबली, दम घेतला आणि म्हणाली, "जुनं व्हतं ते कापडाला चांगलं व्हतं हां. बाबांनी पारखून घेतलं व्हतं."

"व्हतं," मी म्हणालो.